दर दिवाळीला अपुरा पडणारा करदोडा

प्रति,
आरोग्य उपसंचालक, छत्रपती संभाजीनगर व लातूर परिमंडळ,
तसेच मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर माझं मेडिकल आहे. अठरा वर्षं झाली. गावाचं, जिल्ह्याचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चौकशी लागते, कुण्या कंत्राटी नर्सबाईचा खुलासा मागवतात आणि मूळ गोष्ट फायलीत बांधली जाते. मला कुणाला अडकवायचं नाही. मला तुमच्याकडून एक रकाना आखून हवा आहे. कुठला, ते शेवटी सांगतो. आधी माझ्या थोरल्या भावाचं ऐका.

दादाला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. घरच्यांनी आधी सैलानी बाबाच्या दर्ग्याला नेलं, मग एका देवऋष्याकडं, आणि दीडेक वर्ष गेल्यावर डॉक्टरकडं. आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया. ओलान्झापिन सुरू झालं. त्या औषधाला मी नावं ठेवणार नाही. ते नसतं तर दादा आज घरात नसता. चार महिन्यांत तो आपणहून अंघोळ करायला लागला, सहा महिन्यांत आईशी बोलायला लागला. तेवढ्यावर आमचं घर खूष होतं. भूक वाढली, तीही आम्हाला बरं होण्याचीच खूण वाटली. रात्री दोनला उठून दुरडीतल्या तीन-तीन भाकरी तो कोरड्याच खायचा. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची म्हणून दिवसाला सात-आठ चहा, पाकासारखे गोड. आई म्हणायची, "खाऊ दे लेकराला, लई दिवसांनी खातंय."

आमच्याकडं बाप्या माणसाच्या कमरेला करदोडा असतो, तुम्हाला ठाऊक आहेच. दादाचा करदोडा आईच बदलायची. पहिल्या वर्षी तिनं गाठ सैल केली. पुढच्या वर्षी सैल करायला दोरा उरला नाही, नवा आणला. मग दर वर्षी तेच, मागच्या दिवाळीचा करदोडा या दिवाळीला पुरायचा नाही. कातडीवर काळा वळ उठायचा, आई त्यावर खोबरेल लावायची आणि दुकानदाराला सांगायची, जरा लांब दे. वीस वर्षांत दादानं किती डॉक्टर पाहिले याची गणती नाही. पण त्याच्या कमरेची नोंद कुणी ठेवली असेल तर ती आईनं. तिला सेंटिमीटर ठाऊक नव्हते, एवढंच.

आणि मी? माझ्या दुकानाच्या पायरीवर वजनकाटा आहे. गावातली माणसं दोन रुपये टाकून त्यावर उभी राहतात. माझ्या भावाला मी त्यावर अठरा वर्षांत एकदाही उभं केलं नाही. डी. फार्मसीत ओलान्झापिन वाचलं होतं, परीक्षेत त्यानं वजन आणि साखर वाढते असं लिहून मार्कही मिळवले होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात, पहाटे पाचच्या सुमाराला, दादा ओसरीवर आला आणि म्हणाला, "छातीवर ट्रॉली उभी केलीय माझ्या. उसाची, भरलेली. रिकामी करायला सांगा त्यांना." कुणी उभी केली, हे मी विचारलं. नेहमीची सवय. तो काही वेडंवाकडं बोलला की कुणी, कधी, असं विचारत त्याला शांत करायचं, हे आम्ही शिकलो होतो. त्याच्या कपाळावर घाम होता, पण मे महिन्यात पहाटेसुद्धा कुणाला घाम नसतो?

तरी मोटारसायकलवर मधे बसवून त्याला सरकारी दवाखान्यात नेला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी फाइल पुढं केली. फाइल उघडली आणि तिथंच सगळं ठरलं. "अच्छा, मानसिकचे पेशंट आहेत." दादानं ट्रॉलीचं पुन्हा सांगितलं, तेव्हा कंपाउंडर हसला. झोपेचं एक इंजेक्शन दिलं, गॅसची कॅप्सूल लिहून दिली आणि मंगळवारी मानसिकच्या ओपीडीला दाखवा म्हणाले. ईसीजीचं मशीन तिथंच भिंतीला लागून होतं, वर हिरवं कापड टाकलेलं. ते कापड काढायला कुणी नाही म्हटलं नसतं. कुणाच्या मनातच आलं नाही, माझ्यासुद्धा. उलट ती गॅसची कॅप्सूल लिहायचीही गरज नव्हती, कारण दोन महिन्यांपासून मीच त्याला दुकानातून ती देत होतो. जिना चढला की छातीत जळजळतं म्हणायचा. जिना चढल्यावर जळजळतं आणि बसल्यावर थांबतं, तो गॅस नसतो. हे मला गिऱ्हाइकाच्या बाबतीत कळलं असतं.

दुपारी उलट्या सुरू झाल्या, ओठ निळे पडले. गाडी करून साठ किलोमीटरवरच्या शहरात नेला. ईसीजीची पट्टी काढली आणि तिथले डॉक्टर म्हणाले, अटॅक येऊन सात-आठ तास उलटलेत. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला. जीव वाचला. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं, ते पुन्हा वर गेलेलं नाही. दादा सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि हापशावरून घागर आणताना दोनदा थांबतो.

ट्रॉलीबद्दल मी नंतर खूप विचार केला. छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं, हे तर हृदयविकाराचं पुस्तकातलं वर्णन. गावातल्या दुसऱ्या कुणी शेतकऱ्यानं हेच शब्द वापरले असते तर त्याला तिथल्या तिथं आडवा करून ईसीजी काढला असता. दादानं उपमा दिली आणि आम्ही सगळ्यांनी तिला भ्रम म्हटलं.

साहेब, हे एका घराचं दुर्दैव असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असे आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. लोकांना वाटतं आत्महत्येनं जात असतील. काही जातातही. पण जास्त माणसं जातात ती शरीराच्या आजारांनी, आणि त्यांत हृदयविकार पुढं आहे. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. आजारात शरीरावरचा ताण कमी होत नाही. या आजारांवरच्या औषधांपैकी ओलान्झापिन आणि क्लोझापिन भूक, वजन, साखर आणि रक्तातली चरबी वाढवतात. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन त्याखालोखाल. एरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल या बाबतीत बरी. त्यात बिडी, तंबाखू, दिवसभर पडून राहणं. आणि या सगळ्यावर आमच्यासारख्यांची नि तुमच्यासारख्यांची एक सवय, की डोक्याचा पेशंट असला की त्याचं पोट, छाती, पाय सगळं डोक्यातच ढकलून द्यायचं. अशा रुग्णांना अटॅक आल्यावर अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी इतरांपेक्षा कमी वेळा केली जाते, हे श्रीमंत देशांतल्या अभ्यासांतसुद्धा दिसलेलं आहे. मग आपली काय कथा.

आकडा किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये तीव्र मानसिक आजाराचं प्रमाण ०.८ टक्के निघालं. २०११ च्या जनगणनेत मराठवाडा १ कोटी ८७ लाखांचा. ढोबळ हिशेब केला तरी आठ जिल्ह्यांत मिळून लाखभर माणसं होतात. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यांतलं एकही आपल्या वाट्याला आलेलं नाही. म्हणजे ही माणसं घरीच आहेत, आणि मंगळवार-गुरुवारच्या ओपीडीवर जगतात.

आता त्या ओपीडीबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी दादाला मी नेतो तिथं मानसिक विभागाची खोली एका टोकाला आहे आणि बीपी-शुगरची, म्हणजे एनसीडीची, खोली त्याच व्हरांड्यात तीन दारं सोडून. मी पावलं मोजली, वीस भरली. सात-आठ वर्षं दादा त्या रांगेत बसला, पण ही वीस पावलं त्याला कुणी चालवलं नाही. एकदा मीच घेऊन गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "त्यांचं सगळं तिकडंच बघतात." तिकडं विचारलं तर तिकडचे म्हणाले, शुगर इकडं होत नाही. दोघांचंही बरोबर होतं! मानसिकच्या कार्डावर झोप कशी, भूक कशी, गोळ्या घेतो का, असे रकाने आहेत. वजनाचा नाही, कमरेचा नाही, बीपीचा नाही. एनसीडीच्या रजिस्टरात मानसिक औषधांचा रकाना नाही.

शिवाय एनसीडीची तपासणी वयाच्या तिशीपासून धरतात. इतरांना ते ठीक आहे. पण हे आजार सुरूच होतात अठरा ते पंचविशीत, आणि औषध सुरू झाल्यावर वजन सगळ्यात झपाट्यानं वाढतं ते पहिल्या काही महिन्यांत. तिशी येईपर्यंत दादाचे चार करदोडे बदलून झाले होते.

काय तपासायचं, कधी तपासायचं, यासाठी नवी समिती नेमू नका. अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ सालीच एकत्र बसून वेळापत्रक घालून दिलं आहे. औषध सुरू करताना वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि चरबी. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला. साखर, बीपी, चरबी बाराव्या आठवड्याला, आणि पुढं साखर नि बीपी निदान वर्षातून एकदा. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ साली अशा रुग्णांच्या शारीरिक आजारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. यातली साखर, बीपी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. कमरेला टेप लागते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की आपल्याकडं धोका धरतात. दादाची १०४ भरली, अँजिओप्लास्टीनंतर. पहिल्यांदा मोजली ती तेव्हा.

जमत नाही असं म्हणू नका, कारण जमतं हे तुम्हीच दाखवलेलं आहे. क्लोझापिन सुरू केलेल्या रुग्णाचं रक्त तुमच्याकडं नेमानं तपासलं जातं. पांढऱ्या पेशी घटल्या तर जिवावर बेततं म्हणून रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढच्या गोळ्या लिहीत नाहीत, आणि नातेवाईकसुद्धा कुरकुर न करता त्याचं रक्त तपासून आणतात. तसा दंडक आहे म्हणून ते होतं. मग त्याच माणसाची कंबर आणि साखर दंडकात का बसू नये?

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो, तुम्हाला आणि हे पत्र वाचणाऱ्या घरच्यांनाही. हे वाचून कुणी मनाच्या गोळ्या बंद करू नका. आमच्याकडं ते झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी जाताना सहज म्हटलं, या डोक्याच्या गोळ्यांनीच वजन वाढलंय, बंद करता आल्या तर बघा. मनाच्या डॉक्टरांना कुणी फोन केला नाही. आम्ही बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात आवाज परत आले आणि आवाजांनी सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी म्हणजे विष आहे. दादा ती उशीच्या अभ्र्यात लपवायला लागला. अभ्रा धुवायला काढला तेव्हा आईला अकरा गोळ्या सापडल्या. नवा स्टेंट आणि अकरा दिवस ती गोळी नाही, याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. नशिबानं निभावलं. मग मनाच्या डॉक्टरांनी हळूहळू, दीड महिना घेऊन, एरिपिप्राझोलवर आणलं. फिनलंडमध्ये अकरा वर्षं रुग्णांवर नजर ठेवून केलेली एक मोठी पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांपेक्षा औषध अजिबात न घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त दिसले. तेव्हा औषध चालू ठेवून कंबर मोजायची, वेळेत दुसऱ्या औषधावर न्यायचं, किंवा मेटफॉर्मिन जोडायचं. ओलान्झापिननं वाढणाऱ्या वजनाला मेटफॉर्मिननं आळा बसतो, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. स्वस्त गोळी आहे आणि साखरेच्या रुग्णांसाठी तुमच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ती असतेच. द्यायची की नाही ते अर्थात डॉक्टर ठरवतील, पण ठरवण्यासाठी वजन माहीत पाहिजे ना.

मेडिकलवाला म्हणून आणखी दोन बारीक गोष्टी. हॅलोपेरिडॉलवर असलेल्या माणसाला गावातले डॉक्टर खोकल्याला अॅझिथ्रोमायसिन, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन आणि गॅसला डॉम्पेरिडोन सर्रास लिहितात, कधी एकाच चिठ्ठीवर. ही सगळी औषधं हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवू शकतात, एकत्र आली की जास्तच. डोक्याच्या गोळ्यांची फाइल वेगळी असते आणि ती खोकल्याच्या डॉक्टरला कुणी दाखवत नाही. दाखवायची लाज वाटते, हे खरं कारण. मी आता विचारूनच देतो, पण माझ्यासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक, मागं चार माणसं असताना, "घरात मनोरुग्ण आहे" असं मोठ्यानं सांगत नाही.

दुसरी गोष्ट बिडीची. बिडी-सिगारेटच्या धुरामुळं क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरात लवकर जिरतात. माणसानं बिडी एकदम सोडली की तेवढ्याच गोळीचा डोस अंगात जास्त होतो, तो दिवसभर गुंगीत राहतो, घरच्यांना वाटतं आजार बळावला. बिडी सोडायलाच हवी, फक्त सोडण्याआधी डॉक्टरला सांगायला हवं. तंबाखू-चुन्याचं तसं नाही, तिच्यानं गोळीचं गणित बदलत नाही, हृदयाचं मात्र नुकसान होतंच. तुमच्या तंबाखूमुक्तीच्या भिंतीवरच्या चित्रांत यातलं एक अक्षरही नाही.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. बीडकडची, आमच्याकडचीही माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. एक बाई, आम्ही आक्का म्हणायचो, नवऱ्याबरोबर जायची. निघताना माझ्याकडून तीन महिन्यांच्या गोळ्या उधारीवर न्यायची, बाकीचे तीन महिने तशीच. परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. अंगानं भरली होती, पायांवर सूज असायची. मी म्हणायचो, आक्का, शुगर बघा एकदा. ती म्हणायची, "बघते की, मंगळवारी." चाळिशीसुद्धा नव्हती गाठली. एका हंगामात नवरा एकटाच परत आला. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही म्हणाला, आणि उधारीचे दोनशे चाळीस रुपये काउंटरवर ठेवून गेला. कशानं गेली ते कधीच कळणार नाही. माझ्या वहीत अशी नावं आणखी आहेत, ज्यांच्या डोक्याच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या यायच्या एकदम थांबल्या. बरे झाले असतील असं मी आधी समजायचो.

कायद्याचं तुम्हाला मी काय सांगावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम २१ म्हणतं की मानसिक आजाराच्या माणसाला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या माणसाच्या बरोबरीनं वागवायचं. त्या पहाटे हिरव्या कापडाखालचं मशीन दादाच्या बरोबरीनं नव्हतं.

तर मागणी अशी. मानसिक ओपीडीच्या कार्डावर वजन, कंबर, बीपी आणि साखर असे चार खण असलेला एक रकाना आखा आणि तो भरल्याशिवाय महिन्याच्या गोळ्या मिळणार नाहीत असं नव्हे, तर गोळ्या देणाऱ्यानंच तो भरायचा, असा आदेश काढा. उलटं केलंत तर गरीब माणूस गोळ्यांविना परत जाईल, म्हणून हे मुद्दाम लिहितो. साखर-बीपी जास्त निघाली तर चिठ्ठी न देता माणूस सोबत देऊन त्याला त्या वीस पावलांवरच्या खोलीत पोचवा. तिशीची अट या रुग्णांपुरती काढा. ऊसतोडीला निघालेल्यांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि सोबत एक साधं कार्ड द्या, तिथल्या डॉक्टरला वाचता येईल असं. आणि छातीत काहीही होतंय म्हणून आलेल्याचा, मग तो ट्रॉली म्हणो, मुंग्या म्हणो की करणी म्हणो, ईसीजी आधी काढा आणि फाइल नंतर उघडा.

टेपच्या खर्चासाठी प्रस्ताव अडणार असेल तर तेवढं माझ्यावर सोडा. शिंप्याकडची टेप घाऊक भावात फार महाग पडत नाही. आठही जिल्ह्यांतल्या जितक्या मानसिक ओपीडी असतील तितक्या मी एसटीच्या पार्सलनं पाठवतो. फक्त कुणाच्या नावानं पाठवायच्या ते कळवा.

आपला,
एक मेडिकलवाला, आणि दादाचा धाकटा भाऊ